अल्बट्रॉस आणि आमची ओसरी

उज्जैनात बसून समुद्रपक्ष्यासाठी कोण भांडतं? मी भांडले, पक्ष्यांची अभ्यासक म्हणून. नानाखेडा भागातल्या आमच्या घरातून ऑनलाइन मीटिंग होती, आंतरराष्ट्रीय करारात कोणते पक्षी वाचवायचे याची. एका अल्बट्रॉसवर गाडी अडली. एक परदेशी साहेब म्हणाले, “तो आमच्याकडे घरटं करत नाही, नुसता जातो-येतो. आम्ही का सांभाळायचा?”

त्याला यादीत घेतल्याशिवाय मी उठणार नव्हते. म्हटलं, “मरतो तर तुमच्याच बोटींच्या गळाला लागून. सिंहस्थात आमच्या ओसरीवर अनोळखी यात्रेकरू झोपतात. घर कुठलं, हे आम्ही विचारत नाही. आला, की आमचा.”

साहेबांनी हरकत मागे घेतली. पक्षी यादीत आला. अध्यक्ष हसून म्हणाले, “पुढची मीटिंग तुमच्याच ओसरीवर घेऊ.”

आईला सांगितलं, तर ती पोहे परतत म्हणाली, “येऊ देत. बस, अंथरूण आपापलं आणा म्हणावं.”