अकरावीच्या टॉलिव्हर बाई

...आणि शिकवणार कोण, तेवढं छापायला यांची शाई संपली होती का, मी म्हणते. शाळेनं दिलेली विषयांची बारा पानांची पुस्तिका. नववीला व्याकरण आणि छोट्या गोष्टी, दहावीला सगळ्यांपुढे उभं राहून भाषण, अकरावीला अमेरिकेचे लेखक आणि तो मेला संशोधनाचा निबंध, बारावीला इंग्लंडचे... चार वर्षं इंग्रजी, सुटका नाही. सगळं छापलं, फक्त बाईंचं नाव नाही. पोरीनं घाबरू नये तर काय करावं?

पोरगी म्हणजे माझी नात, जोलीन. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टाकते. समोर केवढी धिप्पाड पोर बॅट घेऊन उभी राहू दे, हिची पापणी लवत नाही. पण अकरावीचं नाव काढलं की ताटावरून उठून जाते. कारण तुम्हाला सांगते, आपल्या गावात अकरावीचं इंग्रजी म्हणजे मिसेस टॉलिव्हर. निबंधासाठी शंभर कार्डांवर शंभर नोंदी करायच्या, मग बाई त्यातलं कुठलंही एक उपसणार आणि चष्म्यावरून बघत विचारणार, "हे कुठून घेतलंस?" त-त-प-प झालं की नापास. नापास की उन्हाळी शाळा. आणि आयोवात मुलींचा सॉफ्टबॉल असतो उन्हाळ्यातच, म्हणजे हंगाम गेलाच. आमची सून आर्डिस, तिला शाळा सोडून वीस वर्षं झाली, पण दुकानात टॉलिव्हर बाई दिसल्या की अजून मक्याच्या डब्यांमागे लपते. ती काय धीर देणार? म्हणते, "जोलीन, त्यांच्या डोळ्यांत बघू नकोस हं." आईच अशी... पोरीनं घाबरू नये तर काय करावं?

तर फेब्रुवारीत फॉर्म आला. पुढच्या वर्षी अकरावीला इंग्रजीचा साधा वर्ग, की हुशारांचा? आता टॉलिव्हर बाई तीस वर्षं साधा वर्ग घेतात, हे गावातलं कुत्रंसुद्धा सांगेल. म्हणून हिनं खूण केली हुशारांच्या वर्गापुढे. साध्याला तीन पुस्तकं, तिथं सहा, तीही उशाला घ्यावीत एवढी जाड. मी म्हटलं, "अगं, तुझं मासेमारीचं मासिक वाचून होत नाही महिनाभर." तर म्हणते, "आजी, सहा काय, सोळा वाचीन. पण त्या बाई नकोत." आर्डिसनं न वाचताच सही ठोकली.

ऑगस्टमध्ये शाळा भरली. जोलीन वर्गात जाते तर काय, हुशारांच्या वर्गात सव्वीस पोरं. आणि पुढच्या बाकावर कोण, तर हॅगनांचा डेल, ज्यानं जन्मात ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकापलीकडे काही वाचलं नाही. सगळे एकमेकांकडे बघून गालात हसतायत, वाचलो म्हणून... आणि दार उघडून आत आल्या मिसेस टॉलिव्हर. झालं असं, की साध्या वर्गाला नावं आली चार. मग तो दिला बास्केटबॉलच्या कोचना, आणि बाईंना चढवलं वर.

बाईंचे डोळे भरून आले होते म्हणे. "तीस वर्षांत इतकी मुलं कधी आपणहून अवघड वाटेला आली नव्हती. तुम्हाला शंभर कार्डं कमीच पडतील. आपण दोनशे करू." आणि हसल्या. टॉलिव्हर बाई हसल्या हो... पोरीनं घाबरू नये तर काय करावं?

पळाली ती तशीच मिस्टर बेनेकेंकडे. पोरांचे विषय तेच लावून देतात.

"वर्ग बदलता येतो ना?"

"येतो की. दहा दिवसांच्या आत. इथं आईची सही, आणि इथं ज्यांचा वर्ग सोडतेस त्या बाईंची."

"बाईंची? मग त्यांना कारण सांगायचं?"

"त्यासाठी खाली तीन ओळी आहेत बघ."

आईची सही लगेच मिळाली, ती तर तयारच होती. पुढे नऊ दिवस तो फॉर्म दप्तरात. दहाव्या दिवशी मन घट्ट करून गेली एकदाची, उभी राहिली टेबलापुढे. बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"काय गं, जोलीन?"

पोरीनं फॉर्म पाठीमागे धरला आणि म्हणाली, "कार्डं रेघांची आणू, की कोरी?"

"रेघांची," बाई म्हणाल्या. "आणि थोडी जास्तच आण."