पिक्चरमधला चेला

मी गूळ सोडलाय तो का, सांगते. ह्यांचा आणि ह्यांच्या लाडक्या विद्यार्थ्याचा, दिनेशचा, अबोला सुटावा म्हणून देवीला नवस बोलले होते, तोवर गूळ खाणार नाही. दोघं जोडीनं शहाद्याला अंतराळाचे पिक्चर पाहायचे. एकात चेला गुरूवर उलटला. दिनेश म्हणाला, "सर, चूक गुरूचीच." तेवढ्यावरून बोलणं बंद झालं.

पुढे हे अंथरुणाला खिळले. मी म्हटलं, "बोलवा ना त्याला." तर चेल्यानंच आधी यावं म्हणून हटून बसले. म्हणे, "मी काबर बलावू? पिच्चरमा शेवटले चेलाच येस."

दिनेश आला तो थेट अंत्ययात्रेला. ह्यांचे पाय धरून रडला. "काकू, मी वाट देखत बसनू. पिच्चरमा शेवटले गुरूच बलावस."

गूळ अजून सोडलेलाच आहे. तुमचंही कुणाशी असं अडलं असेल तर तुम्हीही गूळ सोडा, ताई. पण फोन आधी लावा.