मॅडम घर बघायला आल्यात

हॅलो?… हॅलो, आई? मोठ्यानं बोल, इथं मशीन चालू आहेत… कुजबुजतेस कशाला?… थांब, जिन्यात येते… हं, बोल आता.

आल्या का मॅडम?… बरं झालं की. छोटीच्या शिष्यवृत्तीसाठी घर बघून जातील, अहवाल देतील, सुटलो… बसवलंस ना त्यांना?… कशावर?

सोफ्यावर? आपल्याकडे सोफा कधी आला?… शेजारच्या काकूंचा?… मी कामाला निघाल्यावर?… आणि पडदे?… टीव्हीपण? अगं, मग काकूंच्या घरात आता उरलंय काय, नुसत्या काकू?

नाही, हसत नाहीये मी. आई, सरकारनं आपली गरिबी बघायला बाई पाठवली, आणि तुम्ही तिच्यापुढे सोफा मांडलात? सोयरीक जमवायला आल्यात का त्या?… हो, बाबांचीच कल्पना असणार. उसना सोफा, उसने पडदे, आणि अवसानही उसनंच.

काय बोलतायत ते बाहेर?… कान देऊन ऐक आणि सांग… 'काही कमी नाही आम्हाला'… अजून?… थोरली लेक कंपनीत साहेब आहे? मी काज-बटणं करते, आई… मॅडम लिहून घेतायत?… सगळं?

चहा राहू दे गं. ऐक ना, तू बाहेर जा आणि सांग, हे सगळं मागून आणलंय… का नाही?… हो, हो… अगं ऐक ना. नवऱ्याला पाहुण्यांसमोर खोटं पाडायचं नाही, कळलं. पण त्या पाहुण्या नाहीत. ही मदत नाही मिळाली तर छोटीचं कॉलेज सुटतं. माझं सुटलं तसंच… नाही, जुनं काही उकरत नाहीये… हो, उकरतेय. राग आहे मला. लोक काय म्हणतील म्हणून बाबांनी माझा मदतीचा अर्जच भरू दिला नाही.

काय?… उठल्या? चपला घालतायत?… फोन बाबांकडे दे. आधी दे, मग रड.

बाबा?… मी बोलतेय… बरी आहे, काही झालेलं नाही. हसून बोलू नका माझ्याशी. मॅडमना थांबवा आणि खरं सांगा. शिडीवरून पडल्यापासून तुमचं रंगकाम बंद आहे, एवढं सांगा… अब्रू?… कुणासमोर? त्या परत कधी आपल्या दारात येणार पण नाहीत… बाबा, छोटीनं वर्गात बसायचं की इथं कारखान्यात माझ्या शेजारी? तुम्हीच ठरवा… नाही, सुपरवायझर ओरडू दे… मी तुमच्याकडे कधी हट्ट केला नाही. आज करतेय. पाया पडते… बाबा?… बाबा, ऐकताय ना?

आई? तू का घेतलास? ते कुठंयत?… जिन्यात? मॅडमच्या मागं धावत गेले, त्या कमरेनं?… मग?… बघ ना जरा वाकून… परत आल्या? आत आल्या?… बाबा बोलतायत का?… काय म्हणाले?… शिडीचं सांगितलं… हं… औषधाचंही… माझ्या पगाराचं? काज-बटणं म्हणाले?… स्वतःहून?

आणि मॅडम?… खोडून परत लिहितायत… हं… आई, हा आवाज कसला?… कोण रडतंय?

बाबा?

…नाही. आई, नाही. तू जाऊ नकोस. पाणीही नेऊ नकोस… मला कळतंय गं. आयुष्यात कुणासमोर रडले नाहीत ते, मला माहीत नाही का?… तरी थांब. दारातच थांब. मॅडमचं लिहून होऊ दे आधी… हो, मीच सांगतेय… ठेवते मी.