पारपोर्टनं अडवलेला ट्रक

कॉम्प्युटर मी माझा मीच शिकलो, त्यामुळं फजितीही माझीच. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घनसावंगीच्या दुकानासमोर सरकीचा ट्रक भरून उभा, अन् प्रिंटर बिलच छापेना.

ड्रायव्हर सत्तारभाई म्हणाले, "शेठ, कागद न्हाई तर माल उतरवून घ्या. मी चाललो."

दुकानाच्या कॉम्प्युटरवर लिनक्स सिस्टीम टाकून देणाऱ्या दिलीपला जालन्याला फोन लावला. तो सांगेल तसं प्रिंटरची वायर जिथं लागते तो पोर्ट चालवणारा प्रोग्राम, म्हणजे 'पारपोर्ट' नावाचं मॉड्यूल, तीनदा काढलं, तीनदा चढवलं. प्रिंटर ढिम्म. वैतागून सत्तारभाईंनीच वायर उपसली. आदल्या दिवशी यंत्रांच्या पूजेत मी वायरीच्या तोंडालाही कुंकू लावल्तं, ते पिनांत गच्च बसलेलं! घासून साफ केलं, तसं खर्रखर्र करत बिल आलं.

दिलीप फोनवर ओरडला, "चाललं? शेवटी कोणतं मॉड्यूल टाकलं?"

म्हणलं, "दात घासायचा ब्रश."