फोटोतली मोठी खोली

माझ्या त्या जुन्या वाइड लेन्सचं विचारता ना, तिच्यापायी एकदा आईनं मला चांगलंच पकडलं. शहरात गुलमंडीवरच्या बंद पडलेल्या स्टुडिओतून हौसेनं घेतली होती. नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. मी चिकलठाण्याला कारखान्यात नोकरीला आणि उस्मानपुऱ्यात भाड्याच्या खोलीत एकटा. शहरात सारखा बंद, तिकडं गावी देवगाव रंगारीला आई काळजीत. तिला धीर यावा म्हणून कॅमेऱ्याला ती लेन्स लावली, हातानं रिंग फिरवून अंतर जुळवलं, टायमर लावला आणि पटकन खाटेवर जाऊन बसलो.

हात पसरले की दोन्ही भिंतींना लागायचे, एवढीशी ती खोली. फोटोत मात्र दिवाणखाना दिसला आणि मी पार कोपऱ्यात, नखाएवढा.

सुट्टीत गावी जाऊन फोटो आईच्या हातात दिला. तिनं तो बराच वेळ पाहिला.

"एवढ्या मोठ्या घरात तुझ्याशी बोलायला कुणीच नाय व्हय रं?"

"आई, ही लेन्सची करामत हाय. खोली लई लहान हाय."

"बरं. पन कुणी हाय का?"

मी म्हटलं, "चहा ठेव."