मोडीतला गुप्त नंबर

काफी घ्या आधी, मग आमच्या भीमराव काकांच्या एटीएम कार्डाचं सांगतो. तंजावुरात ती यंत्रं तेव्हा नवीनच आली होती. बँकेतल्या बाईंनी काकांना बजावलं, "सार, गुप्त नंबर कुठंही लिहून ठेवू नका." पण काकांच्या चार आकडे लक्षात राहीनात. मग त्यांनी शक्कल लढवली. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत जुने मोडी कागद वाचणारे एक पंत राहत. त्यांच्याकडून काकांनी तो नंबर मोडी अक्षरांत लिहून घेतला आणि चिठ्ठी कार्डालाच चिकटवली.

"आता चोरानं कार्ड नेलं तरी वाचणार काय, कपाळ?" काका ऐटीत म्हणाले.

पहिल्यांदा पैसे काढायला मीही बरोबर गेलो. काका यंत्रापुढे चिठ्ठी उलटीसुलटी करत उभे. मागे रांग वाढली.

"काय झालं, काका?"

"अय्यो, मला तरी मोडी कुठं येते रे!"

आमच्या घरी मराठी सगळे बोलतात, पण देवनागरीसुद्धा कुणाला धड वाचता येत नाही.

तसेच पंतांकडे गेलो. ते ओट्यावर बसले होते आणि त्यांना कमी ऐकू यायचं. त्यांनी चष्मा लावला आणि चारही आकडे खणखणीत आवाजात वाचले.

"हळू, पंत, हळू!" काका ओरडले.

"ऐकू नाही आलं? पुन्हा वाचतो!"

दारादारांतून माणसं बाहेर आली. परतताना मी म्हटलं, "काका, उद्याच नंबर बदलून घ्या."

"वेडा आहेस काय?" काका म्हणाले. "आता विसरलो तर गल्लीत कुणालाही विचारता येईल!"