पेडलचा उजवा बूट

जबाब देणाऱ्याचे नाव व घरचा पत्ता : साक्षीदाराच्या विनंतीवरून वेगळ्या बंद पाकिटात. वय : ४७ वर्षे. व्यवसाय : लिफ्ट बसवणे व दुरुस्ती. सोबत राहणाऱ्या व्यक्ती : नाहीत.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर आपणहून, सांगतो की, मी वरील वयाचा व धंद्याचा असून गेली बावीस वर्षे एका बँडमध्ये बास गिटार वाजवतो. बास म्हणजे चार जाड तारांची गिटार. ती वाजत असते तोवर कोणाच्या लक्षात येत नाही, बंद पडली की सगळे वळून बघतात. लिफ्टचंही तसंच आहे, त्यामुळे मला दोन्ही कामं जमतात. लिहून घेणाऱ्या हवालदारांनी मुद्द्याचं बोला असं सांगितलं, म्हणून मुद्द्याचं सांगतो.

बँडमध्ये आम्ही चौघे. ड्रम वाजवणारा ठोक्या, गिटार वाजवणारा जनरल, एक गाणारा आणि मी. ही टोपणनावं आहेत, खरी नावं आणि फोन नंबर मी पाकिटातल्या कागदावर लिहून दिले आहेत. गाणाऱ्याबद्दल मला फारसं सांगायचं नाही. घटनेच्या वेळी तो स्टेजवरच होता आणि त्याला सगळ्यांनी पाहिलं आहे. ठोक्या माझा शाळेपासूनचा मित्र. आई गेल्यापासून मी दर रविवारी रात्री त्याच्याच घरी जेवतो. त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणतो, त्याची मुलगी मला काका म्हणते आणि माझी बसायची जागा ठरलेली आहे, खिडकीकडची. ज्या घरी मी पाहुणा नसतो असं ते एकच घर आहे. हेही मुद्द्याचंच आहे, ते लिहून घ्यावं.

आमचं संगीत म्हणजे नुसता गोंगाट, असं वहिनी म्हणते आणि तिचं चुकत नाही. गाणारा किंचाळतो, शब्द कोणाला कळत नाहीत. पहिल्यापासून आमच्या शर्टांवर कवट्या, साखळ्या, वाळकी झाडं असायची. लोकांनी घाबरावं एवढाच हेतू, आणि घाबरायला यायचे तरी किती, दहा-बारा जण, त्यातले निम्मे ठोक्याचे नातेवाईक. कार्यक्रम एका बंद पडलेल्या छापखान्याच्या तळघरात व्हायचे, अजूनही तिथेच होतात. तिथला आवाज सांभाळणारा माणूस, म्हणजे या गुन्ह्यातला जखमी, त्याला आम्ही कानसेन म्हणतो. मशीन त्याचं, माइक त्याचे. त्याचे आईवडील दुसऱ्या देशातून आलेले, तो इथलाच जन्मलेला. आम्ही त्याला शिव्या द्यायचो आणि तो त्या व्याजासकट परत करायचा. आमचं त्याच्याशी बरं होतं.

दोन वर्षांपूर्वी जुना गिटारवाला नोकरीसाठी दूर गेला आणि ठोक्याने जनरलला आणलं. जनरलचा हात चांगला आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. त्याने आल्या आल्या कवट्या काढायला लावल्या. म्हणाला, हा पोरखेळ बास झाला. मग स्टेजच्या मागे काळा पडदा आला, त्यावर पांढरं वर्तुळ आणि वर्तुळात उभी कुऱ्हाड. मग दंडाला बांधायच्या पट्ट्या आल्या, त्यांवर तीच कुऱ्हाड. मग एकसारखे शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेले. मी ठोक्याला म्हणालो, "आपण कोणासारखे दिसतोय कळतंय का तुला? शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात असले फोटो होते." तो हसला. म्हणाला, "अरे, चित्र आहे ते. इतकी वर्षं कवटी होती, तेव्हा तू कोणाचा मुडदा पाडलास का?" त्यावरचं उत्तर मला आता सुचतंय, पण आता उशीर झाला.

नंतर शब्द बदलले. जनरलने मधल्या दोन ओळी किंचाळायच्या ऐवजी बोलायला लावल्या, ड्रमच्या तालावर, एकेक अक्षर सुटं. "रक्त एक, रांग एक" आणि "बाहेरचे बाहेर". समोरचे लोक त्या बरोबरीने म्हणू लागले. गर्दी वाढत गेली, तळघर भरून जिन्यात माणसं उभी राहू लागली. इतक्या वर्षांत आमचं एक गाणं कोणाला पाठ नव्हतं, या दोन ओळी मात्र सगळ्यांना पाठ. कार्यक्रम झाला की अनोळखी लोक येऊन मिठी मारायचे, भावा म्हणायचे. मला खोटं लिहून द्यायचं नाही, मला ते आवडायचं. एरवी आठवडा आठवडा मला कोणी भावा म्हणत नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला बाहेर काढलं तरी तो आधी घड्याळ बघतो. पट्टी मात्र मी कधी बांधली नाही. हात आखडतो, असं जनरलला सांगून वेळ मारून नेली. खरं कारण सांगितलं असतं तर माझा रविवार गेला असता.

गेल्या रविवारी दुपारी कार्यक्रम होता. तिसऱ्या गाण्यात त्या ओळी आल्या आणि समोरच्या सगळ्यांनी उजवा हात सरळ पुढे केला, एकदम, एका वेळी. असं आधी झालं नव्हतं. कोणीतरी तालीम घेतली असावी असं मला वाटलं, कारण जनरल वाजवता वाजवता त्यांच्याकडे बघून मान हलवत होता. तेवढ्यात आवाज गेला. मला वाटलं फ्यूज उडाला, पण दिवे चालू होते. माझी बास फक्त माझ्या बोटांना कळत होती. ठोक्याचे ड्रम तेवढे थोडे पुढे गेले आणि थांबले. समोर टेबलामागे कानसेन उभा होता, त्याने सगळे आवाज हाताने खाली ओढले होते. तो म्हणाला, "मशीन माझं आहे. ह्याच्यासाठी नाही. जा घरी सगळे." तो ओरडला नाही. माइकही घेतला नाही, तरी पार जिन्यापर्यंत ऐकू गेलं.

मग शिवीगाळ सुरू झाली. कानसेन माइकच्या तारा सोडवायला स्टेजमागच्या बोळात गेला आणि जनरल त्याच्या मागोमाग गेला. मी गिटार घेऊन बोळाला लागून असलेल्या कोठीत शिरलो आणि दार लावून घेतलं. त्या दाराला खाली वीतभर फट आहे. गिटार पेटीत ठेवायला मी गुडघ्यांवर बसलो तेव्हा बाहेर कोणीतरी पडल्याचा आवाज झाला.

कोणाला पाहिले, असे विचारल्यावरून सांगतो की, चेहरा कोणाचाच पाहिला नाही. फटीतून पाय दिसत होते आणि खाली पडलेल्या कानसेनचा हात, हातात तारेचं वेटोळं. जनरलचे उंच काळे बूट ओळखायला कष्ट नाहीत, तो ते आरशासारखे ठेवतो. तो लाथा मारत होता आणि "बाहेरचे बाहेर" म्हणत होता. मग आणखी दोन पाय आले. ते ठोक्याचे होते. ते बघून मला हायसं वाटलं. मला वाटलं, आला हा, आता जनरलला ओढून नेईल. त्याने ओढून नेलं नाही. त्याने उजव्या पायाने मारलं आणि पुन्हा मारलं.

बाहेर का गेलो नाही, असे विचारल्यावरून सांगतो की, भीती वाटली. दुसरं कारण नाही.

ते पाय ठोक्याचेच कशावरून, असे विचारल्यावरून सांगतो की, बास वाजवणारा लोकांकडे बघत नाही, ड्रमवाल्याच्या उजव्या पायाकडे बघतो. त्या पायाखाली पेडल असतं, पेडलने खालचा मोठा ढोल वाजतो आणि त्या पायाबरोबरच माझं बोट पडावं लागतं. बावीस वर्षं मी तो पाय बघतोय. बायकोचा चेहराही कोणी एवढा बघत नसेल. ठोक्या पेडलसाठी वेगळे बूट ठेवतो, कापडी, पातळ तळाचे. ते घालून तो कधी रस्त्यावर पाऊल टाकत नाही. वाजवून झालं की काढतो आणि ड्रमच्या झांजांच्या पिशवीत टाकतो. त्या दिवशी गाणं मधेच तुटलं, बूट बदलायचं राहून गेलं. मागच्या वर्षी उजव्याचा तळ टाचेशी झिजला तेव्हा मीच त्याला लिफ्टच्या दाराच्या करड्या रबराचा तुकडा चिकटवून दिला होता. लाथ मारायला पाय मागे गेला की तळ दिसतो. तो तुकडा माझ्या हातचा आहे, मी तो डोळे मिटूनही ओळखीन. लाथा किती, असे विचारल्यावरून सांगतो की, मला मोजायची सवय आहे, पण मोजल्या नाहीत.

ते गेल्यावर मी बाहेर आलो आणि रुग्णवाहिका बोलावली. कानसेनला बोलता येत नव्हतं. त्याने हातातलं वेटोळं माझ्या हातात दिलं. तार सुटू नये म्हणून मी ते तसंच धरून त्याच्याजवळ बसलो. पोलीस आले तेव्हा मी काही पाहिलं नाही असं सांगितलं. ते खोटं होतं. ते दुरुस्त करायला आज आलो आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी ठोक्या माझ्या खोलीवर आला. तो सहसा येत नाही, नेहमी मीच जातो. त्याने झांजांची पिशवी दिली आणि म्हणाला, "चार दिवस ठेव तुझ्याकडे. उघडू नकोस." मी विचारलं, जेवायला येऊ का. तो म्हणाला, "आज राहू दे." मी खालपर्यंत त्याला सोडायला गेलो. त्याने मागे वळून हात केला, नेहमीसारखा.

काल वहिनीचा फोन आला. पोलिसांनी बँडमधल्या सगळ्यांचे बूट मागितले तेव्हा ठोक्याने बाहेर घालायचे दिले, असं तिने सांगितलं. पेडलच्या बुटांचं तिला सुचलंच नसावं. ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तर तिथेच होतात. ह्यांनी काही केलं नाही हे तुम्हीच सांगा ना त्यांना." मग म्हणाली, "रविवारी या जेवायला. पोरगी काका कधी येणार म्हणून डोकं खातेय." हे तिने मुद्दाम म्हटलं असं मी म्हणणार नाही. ती नेहमीच तसं म्हणते.

आज सकाळी मी इस्पितळात गेलो. कानसेनचा जबडा तारेने बांधला आहे. उशाशी त्याची म्हातारी आई होती. तिने विचारलं, "तू ह्याचा मित्र का रे?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "बरं झालं बाबा आलास. अजून कोणी फिरकलं नाही." तिने मला बसायला आपली खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली. मला तिथे बसवेना. खोलीवर जाऊन पिशवी घेतली आणि इथे आलो.

सदर पिशवी मी हजर केली असून ती माझ्यासमोर उघडण्यात आली. आत झांजा व कापडी बुटांचा एक जोड निघाला. उजव्या बुटाच्या टाचेशी करडा तुकडा आहे, तो मी ओळखला. पुढच्या भागावरच्या डागांबद्दल मला सांगता येणार नाही.

ठोक्याशी वैर आहे काय, असे विचारल्यावरून सांगतो की, नाही. त्याच्याइतकं जवळचं मला कोणी नाही.

माझ्याशी संपर्क न झाल्यास कोणाला कळवावे, असे विचारल्यावरून सांगतो की, मला स्वतःचा सोडून एकच नंबर पाठ आहे आणि तो पाकिटातल्या कागदावर ठोक्याच्या नावापुढे आधीच लिहून दिला आहे. ही जागा रिकामी ठेवावी.

वरील सर्व मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. रिकाम्या जागेशी आल्यावर ते थांबले आणि कोणाचंही नाव चालेल, शेजाऱ्याचंसुद्धा, असं म्हणाले. लिहिलंय ते बरोबर आहे, असं सांगून मी सही केली.